राठोड सिस्टरची बस आणि माझा निळा पत्रा

माझ्याकडं कोणी गाडी घेऊन आलं की मी आधी एकच विचारतो, "हिच्यात काय बसणार?" माणसं बसणार असतील तर बॉडी वेगळी, ऊस भरायचा तर वेगळी, पाणी भरायचं तर त्याहून वेगळी. औंढा नागनाथच्या बाहेर रस्त्याला लागून माझं शेड आहे, आणि चाळीस वर्षांत तिथं या प्रश्नाची नाना उत्तरं मिळाली. एकानं जुन्या मेटाडोरमध्ये पिठाची गिरणी बसवून घेतली आणि गावोगाव फिरून दळणं दळली. एका बँडवाल्याला टेम्पोच्या टपावर मोर पाहिजे होता, तोही पिसारा उघडणारा आणि मिटणारा. मी करून दिला. पहिल्याच वरातीत तो पिसारा चिंचेच्या फांदीत अडकला आणि नवरदेव अर्धा तास उन्हात घोड्यावर ताटकळला. अजून ती माणसं भेटली की मोराची चौकशी करतात.

राठोड सिस्टरला मी तेच विचारलं. ती म्हणाली, "संसार."

बाई साठीला टेकलेली, औंढ्याजवळच्या एका तांड्यावरची, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून नुकतीच रिटायर झालेली. आमच्या भागातली निम्मी लेकरं तिच्या हातावर जन्मली असतील. तिच्या मागं शेडसमोर एक पिवळी शाळेची बस उभी होती. छोटी, जुनी, भंगारवाल्याकडून घेतलेली. शाळेचं नाव खरवडून काढलेलं.

"नवऱ्याला लकवा मारला, मिस्त्री," ती म्हणाली. "उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तीस वर्षं एस.टी. चालवली त्या माणसानं. समद्या गावाला गेला, पण कुठं थांबला न्हाई. स्टँडवर दहा मिनिटं, चहा, की निघाला माघारी. आता त्याला बसवत न्हाई लई वेळ. रेल्वेत चढवत न्हाई. लॉजच्या पायऱ्या चढवत न्हाई. म्हणून पलंगच संगं न्यायचा. पलंग, चूल, पाणी, संडास. समदं गाडीत."

"आन चालवणार कोण?"

"मी."

मी इस्माईलभाईकडं बघितलं. इस्माईलभाई माझा पंचवीस वर्षांचा जोडीदार, माझ्याच वयाचा, आमच्याकडचं सगळं वेल्डिंग त्याचं. तो तोंडातली सुपारी चघळायचा थांबला होता.

"असं काहून बघून राहिले?" सिस्टर म्हणाली. "ह्यांना दवाखान्यात नेण्यापायी गाडी शिकले. या बसला चालतं ते लायसन हाय माझ्याकडं. परवानगीचे कागद बी मी बघते. तुमी फक्त घर बांधा."

मला वाटलं, या कामातला धक्का तो एवढाच. माझी जिंदगी त्या गाडीखाली उलटी होणार आहे हे मला कुठं ठाऊक होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बस कंपनीतून जशीच्या तशी येते. आमच्याकडं येणाऱ्या पुष्कळ गाड्या तशा येत नाहीत. कंपनी चासी देते, म्हणजे इंजिन, चाकं आणि लोखंडाच्या दोन लांब दांड्या. त्या दांड्यांवर आम्ही आडव्या लोखंडी पट्ट्या टाकतो, त्यांना क्रॉस म्हणतात. क्रॉसवर पत्रा, पत्र्यावर प्लायवूड, त्यावर रेक्झिन. मग खांब, छत, खिडक्या, सीटा. गिऱ्हाईक बघतो रंग आणि सीटा. माणसांचा भार पेलतात ते क्रॉस, आणि ते कुणालाच दिसत नाहीत. दिसले पाहिजेत ते एकट्या मिस्त्रीला.

बसचं घर करायचं तर आधी ती सोलून काढावी लागते. पहिल्या दिवशी सीटा उतरवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि इस्माईलभाई रेक्झिन ओढायला लागलो. सिस्टर टेप घेऊन पलंगाची मापं काढत होती. रेक्झिन निघालं तसा कुजक्या लाकडाचा वास आला. प्लायवूडच्या कडेला पहार घातली, तर कड उचलली गेलीच नाही. पहारेसोबत प्लायवूडचा लगदा हातात आला. खालचा पत्राही गळून गेलेला, त्यातून मला माझ्या शेडची जमीन दिसली. माती, एक पडलेला नट आणि इस्माईलभाईची चप्पल.

तिसऱ्या सीटपासून पाचव्या सीटपर्यंत क्रॉस नव्हतेच. म्हणजे होते, पण बोट लावलं की पापुद्रे पडत होते. शाळेच्या गाड्या रोज आतून पाइपानं धुतात. ते पाणी रेक्झिनखाली जातं, प्लायवूडमध्ये बसतं आणि लोखंड खात राहतं. ही गाडी दोन-तीन महिन्यांमागंपर्यंत चालू होती, असं भंगारवाल्यानं सिस्टरला सांगितलं होतं. म्हणजे दोन-तीन महिन्यांमागंपर्यंत त्या तीन रांगांतली लेकरं प्लायवूडवर बसून जात होती. खाली रस्ता.

"अल्ला," इस्माईलभाई म्हणाला. "मिस्त्री, हे कोन्या हरामखोराचं काम हाय?"

मी त्याला उत्तर देणार, तेवढ्यात मला तो पत्रा दिसला. सडलेल्या क्रॉसवर वरून एक जोडपट्टी मारलेली होती. निळ्या रंगाची.

मी पहार खाली ठेवली. निळा पत्रा आमच्या शेडात एकदाच आला होता, पाण्याच्या टँकरसाठी. त्याचे तुकडे उरले होते. त्या पट्टीवरचे वेल्डिंगचे टाकेही मी ओळखले, दोन-दोन बोटांच्या अंतरावरचे, घाईचे. ते इस्माईलभाईचे होते, आणि ते तसे मारायला मीच सांगितलं होतं.

त्यालाही तेव्हाच आठवलं. तो हळूच खाली उतरून गाडीच्या चाकाला टेकून उभा राहिला.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटी, जवळा बाजारकडच्या एका शाळेच्या दोन बस आमच्याकडं आल्या होत्या. तक्रार एवढीच की तिसऱ्या सीटखाली पाय दिला की तळ दबतो. शाळा दोन दिवसांवर. माझ्या डोक्यावर टँकरचं काम. इस्माईलभाई म्हणाला होता, "खालून बघू का एकदा?" आणि मी म्हणालो होतो, "वरून पट्टी मार. टाईम न्हाई." शाळेनं मला घाई केली नव्हती. कमी कामात भागवा असंही म्हणाले नव्हते. ते माझं मीच ठरवलं. नवीन प्लायवूड टाकलं, वर चकचकीत रेक्झिन. दोन्ही गाड्यांना सारखंच. शाळेच्या सचिवसाहेबांनी येऊन पाय आपटून बघितलं आणि शाबासकी दिली.

"काय झालं, मिस्त्री?" सिस्टरनं विचारलं. माझ्या चेहऱ्याकडं बघून तिनं आधी माझी नाडी धरली. तिला वाटलं मला झटका आला.

मी सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "दुसरी बस कुठं हाय?"

दुसरी बस चालू होती. आठवडाभरापूर्वीच मी ती जवळ्याच्या रस्त्यावर बघितली होती. भरलेली होती, खिडक्यांतून हात बाहेर काढलेले होते. तेव्हा मला तिचा रंग उडालाय एवढंच दिसलं होतं.

सचिवसाहेबांना फोन लावला, उचलला नाही. शाळेत लावला, लागला नाही. सिस्टर म्हणाली, "शाळा कवा सुटते?"

"साडेचारला."

"मग फोन काहून लावत बसले? चला."

तिच्या जुन्या जीपमध्ये मी पुढं बसलो, इस्माईलभाई मागं, मांडीवर हत्यारांची पेटी. सिस्टर फार जोरात चालवत नव्हती, पण कुठं कचरलीही नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काढायला आलेलं. मला आठवतंय, मी मनात खोटं रचत होतो. सहज आलो होतो म्हणावं, जरा तपासून जातो म्हणावं. निळ्या पत्र्याचं कशाला काढायचं? क्रॉस सडलाय एवढं सांगितलं तरी गाडी थांबेल. जवळा बाजार येईपर्यंत मी स्वतःला पटवलंही होतं.

आम्ही पोचलो तेव्हा घंटा झालेली होती आणि बस भरत होती. ड्रायव्हर रज्जाक मला ओळखत होता. "मिस्त्री, तुमी इकडं?" म्हणेपर्यंत मी पेटीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरलो होतो.

गाडीखाली अंधार असतो, चिखलाचा आणि डिझेलचा वास असतो. त्या वासात माझी हयात गेली. पण वरून लेकरांच्या पायांचा आवाज मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता. मी गाड्या ऐकल्या होत्या त्या रिकाम्या. वर ती जागेसाठी पळत होती, उड्या मारत होती, आणि प्रत्येक उडीला माझ्या तोंडावर लाल गंज पडत होता. मी तिसऱ्या सीटखालचा क्रॉस चाचपला. स्क्रूड्रायव्हर लावला, दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला, भिजल्या पुठ्ठ्यात जावा तसा. बाहेर ओढला तर क्रॉसचा वीतभर तुकडा माझ्या छातीवर पडला, आणि त्या भोकातून मला प्लायवूडची खालची बाजू दिसली. वर कुणीतरी उडी मारली आणि ती बाजू माझ्या डोळ्यांदेखत खाली दबली आणि वर गेली.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. इस्माईलभाई सांगतो, मी "उतरवा, उतरवा" एवढंच ओरडत होतो आणि गाडीखालून बाहेर येतच नव्हतो. त्यानं पाय धरून मला ओढून काढलं.

तोपर्यंत सिस्टर दारात उभी राहिली होती. दवाखान्यातल्या आवाजात तिनं सांगितलं, "एक-एक जण, हळू, पळायचं न्हाई. मागच्यांनी जागचं हलायचं न्हाई." एकेका लेकराचा दंड धरून ती उतरवत होती. पन्नासेक लेकरं मैदानात उभी राहिली. काही रडायला लागली, काहींना मजा वाटत होती.

रज्जाकनं माझ्या हातातला तो सडका तुकडा घेतला. दोन बोटांनी दाबला, त्याची पूड झाली. "माझी पोरगी बी ह्याच गाडीत बसते, मिस्त्री," तो म्हणाला आणि बसच्या पायरीवर बसून राहिला.

सचिवसाहेब धावत आले. आधी माझ्यावरच भडकले, कुणाच्या परवानगीनं गाडी रिकामी केली म्हणून. मी त्यांना खाली वाकून बघायला लावलं. पांढऱ्या सफारीतला माणूस गुडघ्यावर बसला, आत बघितलं आणि उठताना त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. एव्हाना आसपासची माणसं जमली, फोन गेले तसे बाप मोटरसायकलींवर यायला लागले.

"दोन वर्षांमागं तर दुरुस्त करून घेतली होती ही!" सचिवसाहेब म्हणाले. त्यांना खरंच आठवत नव्हतं की ते टाळत होते, मला माहीत नाही. "कुणी केलं होतं ते काम?"

वाटेत रचलेलं खोटं माझ्याजवळ तयार होतं. पण माझ्या तोंडावर तो गंज होता, आणि वरच्या उड्या अजून कानात होत्या.

"मी," मी म्हणालो. "मीच केलं. खालून न बघता केलं."

एका बापानं माझी कॉलर धरली. तरणाबांड माणूस, शेतातून तसाच आलेला, हाताला सोयाबीनची कुसळं लागलेली. मी डोळे मिटून घेतले. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. पण त्यानं मला सोडून दिलं. पोरगं उचलून कडेवर घेतलं, आठ-नऊ वर्षांचं, कडेवर बसण्यासारखं राहिलेलं नव्हतं ते, आणि तसाच चालत गेला. मोटरसायकल तिथंच राहिली.

शेवटचं लेकरू घरी जाईपर्यंत सिस्टर मैदानातून हलली नाही.

ती बस पुन्हा चालली नाही. माझं शेडही जवळजवळ बंद पडलं. जवळ्याच्या बाजारात माणसं बोट दाखवायची, "तो बघा बसवाला." त्यात खोटं काही नव्हतं. घरी जेवायला बसलो की घास फिरायचा. मी इस्माईलभाईला म्हणालो, आपण वरून पट्ट्या मारलेल्या आणखी किती गाड्या असतील? दोघांनी बसून आठवल्या. अकरा भरल्या. मग एकेकीच्या मालकाकडं गेलो, खाली शिरलो, बघितलं. तीन खराब निघाल्या, त्या आम्ही नव्यानं बांधून दिल्या. काही मालकांनी चहा पाजला, एकानं कुत्रं सोडलं. अकरापैकी एक सापडली नाही. आखाडा बाळापूरची काळीपिवळी जीप होती, वडापची, म्हणजे वाटेवरची माणसं भरून नेणारी. मालकानं ती विकलेली, घेणाऱ्यानं पुढं विकलेली. नांदेडच्या बाजूला गेली म्हणतात. आजही बाळापूरच्या फाट्यावर काळीपिवळी दिसली की मी वाकून तिचा तळ बघतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याचं काहीतरी पडलंय.

सिस्टरला मी सांगितलं, तुमची बस दुसरीकडं न्या. नांदेडला चांगले कारागीर आहेत.

ती म्हणाली, "माझ्या हातून बी दवाखान्यात चुका झाल्या, मिस्त्री. एकदा तर लई मोठी. त्यांच्या घरी जाऊन सांगायची हिंमत मला झाली न्हाई. ती माणसं अजून मला रामराम घालतात." तिनं बसच्या पत्र्यावर हात ठेवला. "बस इथंच राहील," ती म्हणाली.

मग आम्ही ते घर बांधलं. सगळे क्रॉस नवे टाकले. छतात आणि बाजूंना उष्णता अडवायला जाड थर भरला, नाहीतर आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत माणूस भाजून निघेल. पाण्याची टाकी डाव्या बाजूला खाली, तर पलंग आणि कपाट उजवीकडं, म्हणजे गाडी एका अंगावर झुकणार नाही. सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा, त्याला जाळी. मागं चाकाच्या खुर्चीसाठी उतार. पलंगाशेजारची खिडकी मी नेहमीच्या उंचीवर ठेवली होती. सिस्टर म्हणाली, "झोपलेल्या माणसाला आभाळच दिसून राहिलं. त्याला रस्ता पायजे." खिडकी कापून वीतभर खाली घेतली.

संडासात धरून उठायची दांडी लावून झाली तशी मी तिला मोठ्या थाटात दाखवली. तिनं माझ्याच गमछानं माझा उजवा हात पाठीशी बांधला आणि म्हणाली, "बसा. आता उठून दावा. उजव्या पायावर भार द्यायचा न्हाई." मी तीनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा दारावर आपटलो. इस्माईलभाई हसून-हसून खाली बसला. कितीतरी दिवसांनी आमच्या शेडात कोणी हसलं होतं. दांडी डावीकडं गेली, आणि मी ज्या-ज्या गोष्टीला हात लावला होता ती प्रत्येक गोष्ट आम्ही एका हातानं पुन्हा तपासली.

बस तयार झाली त्या दिवशी ती परसरामदादांना, म्हणजे नवऱ्याला, घेऊन आली. उंचापुरा माणूस, मान थोडी कललेली, डोळे मात्र ड्रायव्हरचे, सारखे पुढं बघणारे. ती त्यांच्याशी त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलत होती, ते डाव्या हातानं उत्तर देत होते. त्यांना खिडकीशी निजवलं. मी चावी पुढं केली.

सिस्टरनं ती घेतली नाही. "तुमच्या नाती कुठं हायेत?"

"घरी. काहून?"

"घेऊन या. जवळ्यापर्यंत जाऊन येऊ समदे."

माझ्या दोन नाती आहेत, आठ आणि अकरा वर्षांच्या. मी "आणतो" म्हणालो, आणि माझे पाय उचलेनात. क्षणभरच असेल, पण तो क्षण तिनंही बघितला, इस्माईलभाईनंही बघितला. मी स्वतः बांधलेली गाडी. नवं लोखंड, प्रत्येक टाका माझ्या डोळ्यांसमोर मारलेला. तरी पाय उचलेनात.

मी हातोडी आणि बॅटरी घेतली आणि गाडीखाली शिरलो. एकेका क्रॉसवर हातोडी वाजवून आवाज ऐकला. एकेका बोल्टला पाना लावला. जोडांवरून बोटं फिरवली. अर्धा तास लागला. तिथं उताणा पडलेलो असताना माझ्या लक्षात आलं की चाळीस वर्षांत इतकी लेकरं माझ्या गाड्यांत बसली, त्यांच्यातल्या एकाच्याही गाडीखाली मी असा अर्धा तास काढला नव्हता. स्वतःचं लेकरू बसणार म्हटल्यावर मात्र मला ते जमलं. या गोष्टीची लाज कोणत्याही माणसानं कॉलर धरल्यापेक्षा मोठी होती.

बाहेर आलो, हात धुतले आणि घरी जाऊन पोरींना घेऊन आलो.

जवळ्याच्या रस्त्याला लागलो. सिस्टर गाडी चालवत होती, पोरी कपाटं उघडून-मिटून बघत होत्या, मी पलंगाच्या पायथ्याशी तळावर बसलो होतो. समोरून एस.टी. आली. आमचे ड्रायव्हर लोक समोरासमोर आले की एकमेकांना हात वर करतात, तसा त्या ड्रायव्हरनं सवयीनं केला. आणि पलंगावरून परसरामदादांचा डावा हात वर गेला. खिडकीच्या काचेला टेकला आणि तिथंच राहिला. घशातून एक आवाज निघाला, मोठा, मोकळा. धाकटी दचकून मला चिकटली. सिस्टरनं आरशातून मागं बघितलं. तिचं तोंड उघडं राहिलं. दोन वर्षांत त्या माणसानं आवाज काढला नव्हता, हे तिनं मला नंतर सांगितलं.

जवळा बाजार आलं. तिथून माघारी फिरायचं ठरलं होतं. गाडी बाजारातून तशीच पुढं निघाली.

"सिस्टर, वळायचं होतं ना?" मी विचारलं.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि गिअर टाकला.

"आजून दोन एस.टी. येऊ द्या," ती म्हणाली.